शाल्वा आणि गुलिको मावशी

गुलिको मावशीला कामावरून काढलं ते दोन शब्दांमुळे. शब्द वाईट नव्हते. ती ते रोज म्हणायची. आम्ही सगळेच म्हणतो. पण त्या रविवारी ते शाल्वानं ऐकले आणि इटालियनमध्ये सांगितले.

शाल्वा म्हणजे माणूस नव्हे. मावशीच्या फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप. आपण आपल्या भाषेत बोलायचं, ते समोरच्याच्या भाषेत मोठ्यानं बोलून दाखवतं. पुरुषाचा आवाज, जरा नाकातला, सरकारी. जॉर्जियात, कुताइसीत, मावशीच्या गल्लीत शाल्वा नावाचा एक निवृत्त हिशेबनीस राहायचा, तो असाच बोलायचा म्हणे. बायको गेल्याची बातमीसुद्धा त्यानं पाणीपट्टी भरल्यासारखी सांगितली होती. म्हणून अ‍ॅपचं नाव शाल्वा पडलं. इथल्या, इटलीतल्या बारी शहरातल्या निम्म्या जॉर्जियन बायका आता त्याला शाल्वाच म्हणतात.

"घरात पुरुष नाही म्हणून रडायचे," मावशी म्हणायची. "आता खिशात घालून फिरते. जेवायला मागत नाही, हे एक बरं."

"आणि ऐकतो तरी," नार्गिझा म्हणायची. ही मावशीची मैत्रीण. तीही इथे एका म्हाताऱ्याला सांभाळते. "माझा तर ऐकतही नव्हता."

"ऐकतो गं. समजत नाही त्याला. म्हणजे नवराच की."

हे बोलणं उम्बेर्तो चौकातल्या बागेत चालायचं. गुरुवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी, तेव्हा आमच्या सगळ्या बायका तिथे ताडांखाली बसतात. त्यांच्या हातातले फोन पाहिले की त्यांचं आयुष्य कळतं. एका अ‍ॅपवर नातवंडं. एकावर घरी पैसे धाडायचे. एकावर जॉर्जियाहून निघालेली सामानाची व्हॅन आज कुठल्या देशात पोचली ते. चीज आणि आजिकाच्या, आमच्या तिखट चटणीच्या, बरण्या कुठल्या सीमेवर अडकल्यात, यावर तासभर वाद होतो.

मी साहित्य शिकले. इथे पर्यटकांच्या खोल्या साफ करते. दाराचा आकडा फोनवर येतो, काम झालं की फोनवरच खूण करायची. मालकाला मी आजवर पाहिलेलं नाही. मावशी भेटली नसती तर कित्येक दिवस मी कुणाशी एक शब्द बोलले नसते. बागेत पहिल्यांदा दिसले तेव्हा तिनं माझं नाव विचारलं नाही. "जेवलीस का?" असं विचारलं. तेक्ला हे नाव नंतर.

मावशीचं वय त्रेसष्ट. अंगानं रुंद, पावलं लहान. तरुणपणी ती आमच्याकडच्या एका आरोग्यधामात कामाला होती. गरम झऱ्याचं पाणी, संधिवाताची माणसं. त्यांना टबात उतरवायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, चादरीत गुंडाळायचं. पुढे सोव्हिएत राज्य गेलं, देश बदलला, आरोग्यधाम बंद पडलं, टबांमध्ये अंजिराची झाडं उगवली. नवरा गेला. मुलाला काम नव्हतं. मग ती इथे आली आणि पुन्हा म्हातारी माणसं उचलू लागली. दुखणाऱ्या माणसाला कुठे धरायचं हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

ज्यांना ती सांभाळायची त्या नुन्त्सिया बाई. खूप म्हाताऱ्या, आणि तोंडानं तिखट. खुबा मोडल्यापासून पलंगावर होत्या. हृदयही थकलेलं. घर जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकुलता एक मुलगा कोझिमो दूर उत्तरेत, तोरिनोला. पुलांची तपासणी करणारा इंजिनियर. तो वाईट माणूस नाही. हे आत्ताच सांगते, कारण पुढे तसं वाटेल.

लांबून आईची काळजी घ्यायची म्हणून त्यानं घरभर अ‍ॅप पेरून ठेवली होती. औषधाच्या वेळेला घंटा वाजायची. बाईंच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ होतं. ठोके चुकले की तोरिनोत त्याचा फोन ओरडायचा. स्वयंपाकघरात कॅमेरा होता. झोपायच्या खोलीतही लावायचा होता, पण बाई म्हणाल्या, "मी लुगडं सोडलेलं काय तोरिनोला दाखवायचंय?" म्हणजे त्या लुगडं म्हणाल्या नाहीत, पण जे म्हणाल्या ते लिहिता येत नाही.

आणि शाल्वा. बाईंना त्याचा राग होता. तो बोलू लागला की म्हणायच्या, "आला नोटरी." शिवाय त्यांची भाषा बारीची जुनी बोली. ती शाल्वाला येत नव्हती. एकदा त्यांनी पाणी मागितलं तर शाल्वानं मावशीला सांगितलं की काकू विहिरीत पडली. मावशी धावत गच्चीत जाऊन खाली अंगणात डोकावली. तेव्हापासून दोघींनी त्याला सोडून दिलं. एकीनं बोलीत बोलायचं, दुसरीनं जॉर्जियनमध्ये. मला जॉर्जियन आणि इटालियन दोन्ही येतात, बोलीही बऱ्यापैकी कळते. तरी त्या दोघी कशाला हसायच्या ते मला कधी कळलं नाही.

फक्त रविवारी दुपारी कोझिमोचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा शाल्वा चालू ठेवायचा असा त्याचा नियम होता. आपल्या आईशी घरात काय बोललं जातं ते त्याला कळायला हवं होतं. कुणालाही हवं असतं.

आता ते दोन शब्द. आमच्याकडे जीव लावून बोलायचं तर 'चिरिमे' म्हणतात. तुझी इडापिडा मला लागो. दुसरा 'गेनात्स्वाले'. तुझ्या जागी मी, तुझं जे व्हायचं ते माझं होवो. हे काही आम्ही देवळात जपून म्हणत नाही. भाजीवालीला म्हणतो. एक किलो टोमॅटो दे गं, तुझी इडापिडा मला लागो. बस सुटत असली तर ड्रायव्हरला म्हणतो, जरा थांब रे, तुझ्या जागी मी. कुणी दचकत नाही. तोही थांबत नाही.

त्या रविवारी बाईंचा खुबा फार दुखत होता. फोन उशाशी टेकवलेला, पडद्यावर कोझिमो. मावशी त्यांची कूस बदलत होती. बाई कण्हल्या. मावशीच्या तोंडून नेहमीचं आलं, दोन्ही शब्द एकापाठोपाठ. शाल्वानं ते उचलले. जरा थांबला. मग इटालियनमध्ये म्हणाला, "तुमचा आजार मला हवा आहे. तुमची जागा मी घेणार."

कोझिमोच्या ओळखीत एका म्हाताऱ्यानं आपलं राहतं घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर करून टाकलं होतं. मुलांना ते त्याच्या मरणानंतर कळलं. अशा गोष्टी तोरिनोपर्यंत पोचतात.

"सिन्योरा," तो म्हणाला, "तुम्ही आत्ता काय म्हणालात? माझ्या आईची जागा तुम्ही घेणार?"

शाल्वानं हा प्रश्न आमच्या भाषेत आणला. जागेसाठी त्याला 'गेनात्स्वाले'मधलाच शब्द सापडला. मावशीला ऐकू आलं ते असं: माझ्या आईच्या जागी तुम्ही याल?

मावशीला भरून आलं. इतकं मायेनं तो कधी बोलला नव्हता.

"म्हणजे काय," ती म्हणाली. "रोज म्हणते. येईनच की. तुझ्याही जागी येईन, लेकरा. तुझ्या बायकोच्या, पोरांच्या, सगळ्यांच्या."

"अर्थात," शाल्वा म्हणाला. "मी रोज सांगते. मी तुमचीही जागा घेईन, मुला. तुमच्या पत्नीची आणि मुलांचीही."

कोझिमो पडद्यावर गप्प झाला. मावशीला वाटलं, गहिवरला.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा निरोप आला, अ‍ॅपनं जॉर्जियनमध्ये करून दिलेला. शनिवारी मी येत आहे. सोमवारपासून दुसरी व्यक्ती काम पाहील. तुमच्या सेवेबद्दल आभार.

गुरुवारी बागेत मावशीनं तो मला वाचायला दिला. "तूच सांग," ती म्हणाली. "शाल्वाचं काहीतरी चुकलंय ना?"

मी दोनदा वाचलं. "नाही मावशी. हे बरोबर आहे."

मग तिनं रविवारचं सगळं सांगितलं. नार्गिझाला हसू आवरेना. ती बाकावर वाकून हसली, डोळे पुसले, मग मावशीकडे पाहून थांबली.

"बरं, जाऊ दे की. या गावात म्हाताऱ्या काय कमी आहेत? माझ्या खालच्या मजल्यावरच एक आहे. गोड आहे. बहिरी आहे. तिला काय वाटेल ते म्हण."

"मला दुसरं घर नको."

"का? ती काय तुझी आई आहे?"

"नाही. माझी आई इतकी तोंडाळ नव्हती."

मावशी फोन मुठीत मिटून बसली होती. मग बोलली ते नार्गिझाशी नव्हतं, माझ्याशीही नव्हतं.

"आई गेली तेव्हा मी इथल्या स्वयंपाकघरात उभी होते. कागद झाले नव्हते, गेले असते तर परत येता आलं नसतं. फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता. सगळे आईभोवती बसलेले. मी डब्याला टेकलेली. भाची म्हणाली, आत्या, नीट दिसतंय ना? मी म्हटलं, दिसतंय. दिसून काय करू? तिचे पाय गार पडले असतील. मला ते चोळायचे होते."

नार्गिझानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डॉक्टर म्हणालाय, म्हातारीचं ईस्टरपर्यंत. फार तर थोडं पुढे. या वेळी मला खोलीत असायचंय, तेक्ला. एवढंच. नंतर मग कुठेही जाईन."

मी शनिवारी तिच्याबरोबर जायचं ठरवलं.

कोझिमोनं दार उघडलं. उंच, बारीक, कोट अजून अंगातच. मावशीची बॅग दाराशी होती. तिनंच भरून ठेवलेली. कुणी सांगितल्यावर भरायची पाळी नको, म्हणाली.

"बसा," तो म्हणाला. "कॉफी?"

"करते मी," मावशी उठली.

फोन टेबलावर होता. "करते मी," शाल्वा इटालियनमध्ये म्हणाला.

"नको. आज मी करतो."

"मी भाषांतर करीन," मी त्याला म्हणाले. "फोन बंद केला तरी चालेल."

"चालू राहू दे. माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही."

रास्त होतं. मी सांगायला सुरुवात केली. चिरिमे म्हणजे काय, गेनात्स्वाले म्हणजे काय. माणसाभोवती फेरी मारून त्याचं दुखणं आपल्यावर ओढून घ्यायची जुनी समजूत सांगितली. आई लेकराला असं म्हणते, नर्स रोग्याला म्हणते. माझ्या प्रत्येक वाक्यामागे शाल्वा तेच वाक्य जॉर्जियनमध्ये म्हणत होता, अर्धं चुकीचं. मावशी ऐकत होती आणि मान हलवत होती. कुणाला दुजोरा देत होती कळत नव्हतं.

"म्हणजे जागा म्हणजे घर नाही," कोझिमो म्हणाला.

"नाही. दुखण्यातली जागा."

"पलंगावरची."

"हो."

त्यानं कॉफी ढवळली. साखर घातली नव्हती.

"आणि हे तुम्ही सगळ्यांना म्हणता?"

"हो."

"भाजीवाल्यालाही?"

"हो."

"मग त्याला अर्थ काय राहिला? भाजीवाल्याचं दुखणं कुणी घेत नाही. एक तर हे पोकळ आहे, नाहीतर खरं आहे. पोकळ असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की खरं आहे."

 मी कपाकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?" मावशीनं विचारलं. मी सांगितलं.

तिनं फार विचार केला नाही. "त्याला म्हणावं, भाजीवालीला म्हणते तेव्हा थोडं म्हणते. इथे पुरतं म्हणते."

मी सांगितलं. कोझिमोनं चष्मा काढला, परत घातला.

"माझा विश्वास बसला," तो म्हणाला. "खरंच. पण एजन्सीशी बोलणं झालंय. नवीन बाई इटालियन बोलते. शेवटच्या दिवसांत आईला कुणाचं तरी बोलणं कळायला नको का? मी इथे नसतो. निदान कळेल असं बोलणारं कुणी असावं."

हे ऐकून मी खचले. कारण हे चूक नव्हतं.

मावशीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तिला कळतं."

तेवढ्यात आतून हाक आली. "जुली." गुलिको हे नाव नुन्त्सिया बाईंच्या तोंडात कधी बसलं नाही. मावशी उठली, पण कोझिमोनं हात आडवा केला.

"मी बघतो. सोमवारपर्यंत मलाच करायचंय."

तो आत गेला. मावशीनं फोन उचलून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला आणि त्याच्या मागे गेली. मी दारात उभी राहिले.

बाईंना कुशीवर व्हायचं होतं. कोझिमोनं एक हात खांद्याला लावला, एक गुडघ्याला, आणि ओढलं. बाई ओरडल्या. आधी ओरडल्या, मग रडायला लागल्या. तोंडानं इतक्या तिखट बाई, लहान मुलीसारख्या रडत होत्या. कोझिमोनं तव्याला लागल्यासारखे हात काढून घेतले. तो वाकलेलाच राहिला, हात हवेत. काय करावं त्याला समजेना.

"मला होऊ दे गं हे," तो म्हणाला. "तुझ्याऐवजी मला होऊ दे, आई."

तो आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हता.

अ‍ॅप्रनच्या खिशातून शाल्वा बोलला. आमच्या भाषेत, त्याच पाणीपट्टीच्या आवाजात. "आई, तुझ्या जागी मी."

मावशी थबकली. खिशाकडे पाहिलं, मग कोझिमोकडे.  त्याला कोपरानं बाजूला सारलं, एक हात बाईंच्या कमरेखाली घातला, एक मांडीखाली, आणि स्वतःच्या अंगाशी घेत हळूच वळवलं. बाईंचं रडणं उसाशावर आलं.

"चिरिमे," मावशी म्हणाली. "चिरिमे, आजी."

"तुमचा आजार मला हवा आहे," शाल्वा खिशातून इटालियनमध्ये म्हणाला. "आजी."

 कोझिमो त्या खिशाकडे बघत होता.

"त्या नोटरीला कुणीतरी बाहेर काढा," नुन्त्सिया बाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या.

कोझिमो हसला की काय मला दिसलं नाही. तो तोंड फिरवून मोरीकडे गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. परत आला तेव्हा चेहरा ओला होता आणि कोट काढलेला होता.

"सोमवारच्या बाईंना मी नको म्हणून कळवतो," तो मला म्हणाला. मावशीकडे त्याला अजून बघता येत नव्हतं. "आणि यांना सांगा, तो फोन बंद ठेवला तरी चालेल. रविवारीसुद्धा."

मी सांगितलं. मावशीनं ऐकलं. दाराशी जाऊन बॅग उघडली आणि आधी सपाता काढल्या.

"म्हणजे शाल्वाला सोडचिठ्ठी," पुढच्या गुरुवारी नार्गिझा म्हणाली.

"त्याला काही बोलू नकोस," मावशी म्हणाली. "आयुष्यात एकदा तरी वेळेवर बोलला बिचारा. तुझ्या नवऱ्याला जमलं होतं का?"

ईस्टर आलं. त्यांचं, कॅथलिकांचं, आधी आलं; आमचं, ऑर्थोडॉक्सांचं, त्या वर्षी नंतर होतं. व्हॅनमधून लाल रंगासाठी मंजिष्ठेची मुळं आली. मावशीनं अंडी लाल रंगवून ठेवली, आमच्या सणासाठी. नुन्त्सिया बाई म्हणाल्या, आमचा सण झाला, मग ही कशाला? मावशीनं एक सोलून त्यांच्या हातात दिलं. अर्धं खाल्लं. बोटं लाल झाली ती त्यांना आवडली.

दोन्ही सणांच्या मधल्या एका दुपारी मावशीचा मला फोन आला. "ये," ती म्हणाली. मी एका खोलीतल्या चादरी अर्ध्या काढल्या होत्या. त्या तशाच टाकून निघाले.

डॉक्टर येऊन गेले होते. कोझिमो निघाला होता. मनगटावरच्या घड्याळानं सकाळीच त्याला कळवलं होतं. विमानात जागा नव्हती, आगगाडीनं येत होता. इतकी लांब इटली मी कधी पाहिली नव्हती. त्याचा व्हिडिओ कॉल चालू होता. मावशीनं फोन उशाशी टेकवला होता, तो सारखा घसरत होता. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"धर हा," ती म्हणाली. "त्याला तिचा चेहरा दिसू दे. हात हलवू नकोस."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला फोन धरून उभी राहिले. पडद्यावर कोझिमो गाडीच्या दारापाशी उभा होता, त्याच्या मागे समुद्र पळत होता. बोगदा आला की तो नाहीसा व्हायचा. मग परत यायचा. मधे काय चुकलं ते शोधत त्याचे डोळे भिरभिरायचे.

मावशीनं पांघरुणाखालून बाईंची पावलं बाहेर घेतली. मांडीवर घेऊन चोळायला लागली. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, मग घोटा, मग पुन्हा अंगठा. आणि बोलत होती. आमच्या भाषेत, हलक्या आवाजात, भाकरी थापताना बायका बोलतात तसं. शाल्वा बंद होता.

"काय म्हणतायत त्या?" कोझिमोनं विचारलं.

मी ऐकलं. मावशी म्हणत होती, आजी, तुझ्यावरून ओवाळून टाकीन गं मला. या पायांचं दुखणं माझ्या पायांना येऊ दे. खुब्याचं माझ्या खुब्याला. किती चाललीस या पायांवर. आता नको चालू.

हे मी इटालियनमध्ये सांगू लागले. एक वाक्य सांगितलं. दुसरं सांगता येईना. शब्द मला ठाऊक होते. ते मी कुठल्या पुस्तकात वाचले, कुठे त्यांच्यावर खुणा केल्या, सगळं आठवत होतं. पण इतकी वर्षं ते म्हणून मी भाज्या आणल्या होत्या, आणि ते कुणी असे पुरते म्हणताना मी पाहिलं नव्हतं.  मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"राहू द्या," कोझिमो म्हणाला. "कळतंय मला."

बाईंचा श्वास लांबत गेला. एक यायचा, मग आम्ही सगळे पुढच्याची वाट बघायचो. मावशी चोळायची थांबली नाही. मग एकदा वाट बघत राहिलो आणि आला नाही. मावशीनं पावलं मांडीवरून उतरवली, पांघरुणात घातली, आणि बाईंच्या गालाला हात लावला.

कोझिमोला समजलं की नाही मला कळेना. त्याच वेळी बोगदा होता. चित्र परत आलं तेव्हा त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तो दाराचं हँडल ओढू लागला. धावत्या गाडीचं. आवाज नाही, नुसता ओढत होता, जणू खाली उतरून चालत लवकर पोचणार होता.

मी मावशीकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. शाल्वाला जागं केलं नाही. मलाही काही विचारलं नाही. इटालियनमधले जे मोजके शब्द तिला येत होते, खा, झोप, छान, त्यातला एक ती कूस बदलताना वापरायची.

"पियानो, कोझिमो," ती म्हणाली. हळू, म्हणजे. हळू.

त्याचा हात थांबला.

"पियानो," ती म्हणाली. "मी आहे इथे." हे मात्र जॉर्जियनमध्ये.

तो गाडीच्या फरशीवर खाली बसला. तिनं फोन दोन्ही हातांत धरला आणि गाडी बारीला पोचेपर्यंत खाली ठेवला नाही.